यंत्राची स्मृती

बेंगळुरू शहरातून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे जाऊ लागले, की टिन फॅक्टरीचा चौक ओलांडल्यावर के. आर. पुरम लागते. गावाचे पूर्ण नाव कृष्णराजपुरम. रेल्वेच्या रुळांवरून गेलेला, पोलादी दोरांनी तोलून धरलेला पूल येथे २००३ साली वाहतुकीस खुला झाला आणि २०२३ साली मेट्रोही येथून धावू लागली. व्हाइटफील्डच्या संगणक-कचेऱ्यांकडे निघालेल्या तरुण मंडळींची येथे रोज सकाळी रीघ लागते. त्या गर्दीत कन्नड, तेलुगू, तमिळ यांच्या जोडीने मराठी बोलही कानी पडतात. परंतु या ठिकाणाचा यंत्रविद्येशी असलेला संबंध या मंडळींपासून सुरू झालेला नाही. तो त्यांच्या आजोबांच्या पिढीइतका जुना आहे. येथूनच जवळ दूरवाणीनगर आहे. कन्नड भाषेत दूरध्वनीला दूरवाणी म्हणतात; आणि ज्या कारखान्यामुळे या वसाहतीला हे नाव मिळाले, तो इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना १९४८ साली येथे उभा राहिला. स्वतंत्र भारताने उभारलेला पहिला सार्वजनिक उद्योग म्हणून त्याची गणना होते. १९५० च्या जानेवारीत त्याला कंपनीचे रूप आले.

आज घरोघरी एक तक्रार ऐकू येते. संगणक जुना झाला, मोबाइल मंद झाला. ब्राउझर उघडला की यंत्र अडते, चारदोन पाने उघडली की ते जागच्या जागी थिजते. ज्यांच्या यंत्रावर सर्वत्र प्रचलित असलेली ऑपरेटिंग सिस्टीम नसून एखादी थोड्यांच्या वापरातली प्रणाली आहे, त्यांची तक्रार अधिकच तीव्र असते. जाणकार उत्तर देतात, की मेमरी अपुरी पडते. उत्तर बरोबर आहे, परंतु अपुरे आहे. मेमरी म्हणजे यंत्राची कामचलाऊ स्मृती. ती किती आहे या प्रश्नाइतकाच, ती कोण किती काळ अडवून ठेवतो हाही प्रश्न महत्त्वाचा असतो. आणि हा दुसरा प्रश्न संगणकाच्याही आधीचा आहे. दूरवाणीनगरच्या कारखान्यात तो साठ वर्षांपूर्वीच येऊन ठेपला होता.

कारखान्याच्या आरंभीच्या काळात तेथे स्ट्राउजर पद्धतीची दूरध्वनी-केंद्रे तयार होत. अमेरिकेतील कॅन्सस सिटीमध्ये अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्राउजर नावाच्या गृहस्थाला १८९१ साली या पद्धतीचे एकस्व मिळाले. या पद्धतीत स्मृती अशी वस्तू जवळजवळ नव्हतीच. बोलणाऱ्याने तबकडी फिरवून तीनचा अंक लावला, की केंद्रातील एक दांडा खटखट करीत तीन पायऱ्या वर चढे. पुढचा अंक लावला की पुढचे यंत्र हले. आकडा कोठे लिहून ठेवला जात नसे, यंत्र स्वतःच आकड्याप्रमाणे हलत जाई. संभाषण संपेपर्यंत ती सगळी यंत्रमालिका त्या दोघांसाठी अडकून पडे. पद्धत भरवशाची, परंतु अवजड होती. हलणारे भाग झिजत, त्यांना सतत तेलपाणी करावे लागे, आणि ग्राहक वाढले की यंत्रेही त्याच प्रमाणात वाढवावी लागत.

पुढे १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास क्रॉसबार पद्धत स्वीकारण्यात आली. त्यासाठी बेल्जियममधील अँटवर्पच्या कंपनीशी करार झाला. या पद्धतीत एक नवा घटक होता, त्याला रजिस्टर म्हणत. ग्राहकाने दूरध्वनी उचलला, की एक रिकामे रजिस्टर त्याच्या सेवेस लागे. ग्राहक जे आकडे फिरवी ते रजिस्टर ध्यानात ठेवी, मार्ग आखणाऱ्या यंत्राच्या स्वाधीन करी आणि लगेच मोकळे होऊन दुसऱ्या ग्राहकाकडे जाई. दोघांचे बोलणे पुढे अर्धा तास चालले तरी रजिस्टर त्यांच्यापाशी थांबत नसे. त्यामुळे थोडी रजिस्टरे हजारो ग्राहकांना पुरत. स्मृती सर्वांची मिळून एक आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला घटकाभरच, अशी ही व्यवस्था होती. काम झाले की जागा मोकळी करायची, या नियमावर तिचा सगळा डोलारा उभा होता.

मात्र ही व्यवस्था भारतात आली तेव्हा एक गोष्ट अनुभवास आली. ज्या देशांसाठी ती आखली होती, तेथे घरोघरी दूरध्वनी होता आणि प्रत्येक दूरध्वनीवरून होणारी संभाषणे मोजकी होती. आपल्या शहरांत दूरध्वनी थोडे आणि बोलणारे फार. बाजारपेठेतल्या एका दुकानाचा दूरध्वनी आळीतली निम्मी माणसे वापरीत. पलीकडचा क्रमांक गुंतलेला आढळला, की लोक पुनःपुन्हा आकडे फिरवीत. प्रत्येक प्रयत्नाला रजिस्टर हवे. रजिस्टरांची संख्या परदेशी हिशेबाने ठरलेली, म्हणून गर्दीच्या वेळी ती एकजात गुंतून पडत आणि शेकडो तारा मोकळ्या असूनही ग्राहकाला नाद ऐकू येत नसे. हा दोष हेरून आपल्या अभियंत्यांनी येथील वापराचा हिशेब मांडला आणि त्या पद्धतीत भारतीय परिस्थितीस अनुरूप सुधारणा केल्या. दुसऱ्यांच्या सवयी गृहीत धरून बांधलेले यंत्र आपल्या गर्दीत कसे कोंडते, याचा हा पहिला धडा होता. पुढे तो संगणकाच्या क्षेत्रात अनेकदा नव्याने गिरवावा लागला.

खुद्द संगणकाची स्मृती भारतात प्रथम घडली ती मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण शास्त्रज्ञांच्या एका गटाने संगणक बांधावयास घेतला. १९५६ साली त्याची प्रायोगिक आवृत्ती चालू झाली, १९६० साली पूर्ण यंत्र कामाला लागले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्याची स्मृती फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची होती. बारीक तारांच्या जाळ्यात ओवलेली प्रत्येक कडी एक खूण धरून ठेवी. अशा २,०४८ शब्दांची जागा त्या यंत्रात होती, आणि प्रत्येक शब्द ४० खुणांचा होता. आजच्या मापाने ही स्मृती सुमारे दहा किलोबाइट भरते. सांप्रत एखाद्या संकेतस्थळाचे सर्वसाधारण पान दोन मेगाबाइटांहून जड असते. म्हणजे असे एक पान मावण्यासाठी टिफ्रॅकसारखी दोनशे यंत्रे ओळीने मांडावी लागली असती. तरीही त्या दहा किलोबाइटांत शास्त्रज्ञांनी आपली अवघड गणिते सोडविली. प्रत्येक शब्द कोठे ठेवावयाचा आणि केव्हा पुसावयाचा, याचा हिशेब कागदावर आधी मांडल्याखेरीज कोणी यंत्रापाशी जात नसे.

ब्राउझरचा जन्म पुढे १९९० साली झाला. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर लिहिला तो नेक्स्ट नावाच्या संगणकावर. मौज अशी, की हे यंत्र आणि त्याची प्रणाली दोन्हीही थोड्यांच्या वापरातली होती. जगाला जोडण्यासाठी निघालेली वस्तू बहुतेकांना उघडताच येईना. तेव्हा निकोला पेलो या विद्यार्थिनीने एक साधा ब्राउझर तयार केला. त्यात चित्रे नव्हती, रंग नव्हते; नुसत्या मजकुराच्या ओळी होत्या. परंतु तो जवळजवळ कोणत्याही संगणकावर चाले. इतिहासाच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट फार बोलकी आहे. ब्राउझरच्या अगदी पहिल्या वर्षातच हे उमगलेले होते, की ज्ञान सर्वांपर्यंत पोहोचवावयाचे तर ते सर्वांत साध्या यंत्रावर उघडले पाहिजे.

१९९३ साली मोझाइक नावाचा ब्राउझर आला आणि मजकुराबरोबर चित्रे दिसू लागली. भारतात सर्वसामान्य नागरिकांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्या वेळच्या घरगुती संगणकात आठ-सोळा मेगाबाइट मेमरी असे आणि ती पुरतही असे, कारण पान म्हणजे कागदाचे पान होते. ते वाचावयाचे आणि मिटावयाचे. त्याच वर्षी पानांत जावास्क्रिप्ट आली आणि पान कागद न राहता स्वतःच एक यंत्र बनू लागले. पत्रव्यवहार, बँक, बाजार, नकाशे, चित्रपट ही सारी ब्राउझरमध्ये शिरली. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात ब्राउझर ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम होऊन बसला आणि त्याची भूक वाढतच गेली.

या भुकेची कारणे नीट पाहावयास हवीत, कारण सगळाच दोष उधळेपणाचा नाही. पहिले कारण विसराळूपणाचे. सरकारी कचेरीत अभिलेख-कक्षातून नस्ती मागवावी, तीवर काम व्हावे, आणि ती परत न जाता कोणाच्या तरी टेबलावर वर्षानुवर्षे पडून राहावी, तसा हा प्रकार आहे. एकेक नस्ती क्षुल्लक असते, परंतु अशा नस्त्यांनी खोली भरली की नव्या कामाला जागा उरत नाही. प्रोग्रॅम मेमरी मागून घेतो आणि काम झाल्यावर परत करावयाचे राहून जाते. इंग्रजीत याला गळती म्हणतात. वास्तविक तेथे काही गळून जात नाही, तुंबून राहते. फायरफॉक्स या ब्राउझरच्या कर्त्यांनी २०११ साली केवळ अशा तुंबलेल्या जागा शोधून मोकळ्या करण्याची मोहीमच काढली होती. दुसरे कारण सुरक्षिततेचे. २००८ साली क्रोम ब्राउझर आला. त्याने प्रत्येक पानाला शक्यतो वेगळी खोली देण्याची पद्धत आणली, म्हणजे एक पान कोसळले तरी बाकीची वाचावीत आणि एका पानाने दुसऱ्याचे गुपित चोरू नये. २०१८ साली प्रोसेसरांतील काही गंभीर उणिवा उघड झाल्यावर ही फाळणी आणखी कडक करण्यात आली. त्यापायी एकूण मेमरीत दहा ते तेरा टक्के भर पडते, असे क्रोमच्या कर्त्यांनीच तेव्हा सांगितले. हा खर्च सुरक्षिततेचा आहे, त्याला उधळपट्टी म्हणता यावयाचे नाही. तिसरे कारण मात्र केवळ सवयीचे आहे. ज्याच्या टेबलावर मोठे यंत्र आहे, त्याला लहान यंत्राची अडचण दिसत नाही.

या तिन्ही कारणांचा भार सर्वांत अधिक पडतो तो अल्पसंख्य प्रणालींवर. आय.बी.एम. आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून १९८७ साली ओएस/२ नावाची प्रणाली काढली. अनेक देशांतील बँकांच्या पैसे देणाऱ्या यंत्रांत ती दीर्घकाळ चालली. घरगुती संगणकांवर मात्र ती मागे पडली. तिच्या रचनेत एका प्रोग्रॅमला सामान्यतः ५१२ मेगाबाइटांपलीकडे पत्ते मोजता येत नसत. १९९० च्या सुमारास ही मर्यादा समुद्राएवढी विशाल वाटली असेल. पुढे हौशी मंडळींनी फायरफॉक्स त्या प्रणालीवर आणला, तेव्हा यंत्रात मेमरी शिल्लक असूनही ब्राउझरला तिचा पत्ता सापडेना आणि तो कोसळू लागला. घरात धान्य आहे, पण कोठारापर्यंत वाट नाही, अशी अवस्था. मोठ्या प्रणालीवर असा दोष आढळला तर शेकडो पगारी अभियंते त्याच्या मागे लागतात. येथे मूठभर माणसे रात्रीची जागून तो दुरुस्त करीत. भाषांचेही असेच असते. थोड्यांची भाषा दुबळी नसते, तिच्यासाठी झटणारे हात थोडे असतात.

भारतात हा प्रश्न निराळ्या वाटेने सोडवू पाहणारा एक प्रयत्न खुद्द बेंगळुरूमध्ये झाला. ऑक्टोबर १९९८ मध्ये या शहरात विकसनशील देशांसाठी माहिती-तंत्रज्ञान या विषयावर परिसंवाद भरला. तेथील चर्चेतून, ज्याला इंग्रजी येत नाही, फार वाचताही येत नाही, आणि संगणक विकत घेण्याची ऐपत नाही, अशा माणसासाठी यंत्र घडवावे ही कल्पना पुढे आली. भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे प्रभृती मंडळी एकत्र आली. १९९९ साली त्यांनी सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला आणि एप्रिल २००१ मध्ये सिम्प्युटरचा नमुना लोकांपुढे ठेवला. तळहातावर मावणारे हे यंत्र सुमारे नऊ हजार रुपयांत मिळावे, असा संकल्प होता. त्यात लिनक्स प्रणाली होती आणि मेमरी अवघी ३२ मेगाबाइट.

एवढ्या मेमरीत त्या काळचा प्रचलित ब्राउझर सुखाने नांदला नसता. म्हणून या मंडळींनी आयएमएल नावाची नवी माहिती-भाषा रचली आणि ती दाखविणारा हलका ब्राउझर तयार केला. लहान पडदा, थोडी मेमरी आणि अक्षरओळख नसलेला वाचक या तीन गोष्टी त्यांनी आरंभापासून हिशेबात धरल्या होत्या. मजकूर पडद्यावर दिसे, तसा भारतीय भाषांत बोलूनही दाखविला जाई. त्यासाठी हरिहरन यांनी ध्वनी नावाचा प्रोग्रॅम लिहिला. लहान लहान उच्चार आधी साठवून ठेवावयाचे आणि ते जोडून शब्द बोलावयाचा, अशी त्याची युक्ती होती. प्रथम कन्नड-हिंदीसाठी केलेला हा प्रोग्रॅम पुढे इतरांच्या परिश्रमाने मराठीही बोलू लागला.

परंतु सिम्प्युटरमधील सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना स्मार्टकार्डाची होती. यंत्र प्रत्येकाने विकत घ्यावे अशी अपेक्षाच नव्हती. ते पंचायतीने, शाळेने किंवा गावच्या दुकानदाराने ठेवावे. आणि प्रत्येकाने आपापली माहिती आपल्या कार्डावर बाळगावी. कार्ड यंत्रात घातले की यंत्र त्या माणसाचे होई. कार्ड काढले की ते पुढच्या माणसासाठी मोकळे. दूरवाणीनगरच्या क्रॉसबार केंद्रातील रजिस्टराचा नियमच येथे वेगळ्या रूपात अवतरला होता. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध होता असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्या देशात साधने थोडी आणि माणसे अधिक, तेथे विचारी माणसाला पुनःपुन्हा हाच मार्ग सुचतो, एवढे खरे.

सिम्प्युटरचे जगभर कौतुक झाले. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने घडविलेला अमिडा सिम्प्युटर बाजारात आला. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामी, छत्तीसगडमध्ये मुलांच्या शिक्षणात त्याचा उपयोग करण्यात आला. मुंबईत महिंद्र आणि महिंद्रने मोटारींच्या इंजिनांची तपासणी करण्यासाठी तो वापरला. गोव्यात डेंपोंच्या उद्योगात खाणीपासून जहाजाच्या धक्क्यापर्यंत जाणाऱ्या लोहखनिजाची नोंद त्यावर ठेवली गेली. असे असूनही पन्नास हजार यंत्रे खपण्याची अपेक्षा असताना प्रत्यक्षात चार हजारांच्या आसपासच खपली. मोबाइल दूरध्वनी वेगाने स्वस्त होत होते, हे एक कारण. दुसरे कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. सिम्प्युटरसाठी हलकी भाषा तयार होती, परंतु त्या भाषेत पाने लिहिणार कोण? जगातील कचेऱ्या, बँका, वृत्तपत्रे आपली पाने मोठ्या यंत्रांसाठी लिहीत राहिली. सिम्प्युटरने आपली स्मृती काटकसरीने वापरली, पण ज्यांच्याकडून माहिती यावयाची ते काटकसर शिकले नाहीत. एका बाजूने केलेला संयम पुरा पडत नाही.

दहा वर्षांनी हाच प्रयोग उलट दिशेने झाला. फायरफॉक्सच्या कर्त्यांनी अशी प्रणाली आखली, की जिच्यात ब्राउझर हेच सर्वस्व; दूरध्वनीतील प्रत्येक सोय हे एक पानच. वेगळी भाषा नको, जगाचीच पाने थेट चालावीत, हा त्यामागील विचार. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतात या प्रणालीचा इंटेक्सचा दूरध्वनी १,९९९ रुपयांत विक्रीस आला. त्यात मेमरी होती १२८ मेगाबाइट. एवढ्या जागेत अख्खा ब्राउझर बसविण्यासाठी अभियंत्यांनी अनेक युक्त्या योजिल्या. वापरात नसलेली माहिती घडी घालून, दाबून ठेवावयाची. सर्व पानांना लागणारा समान भाग एकदाच मांडून सर्वांनी मिळून वापरावयाचा. या शेवटच्या योजनेला त्यांनी, मातीपासून माणसे घडविणाऱ्या नुवा या चिनी देवतेचे नाव दिले होते. आणि तरीही जागा संपली, तर पडद्याआड असलेले पान मुकाट्याने मारून टाकावयाचे. या शेवटच्या उपायाची झळ वापरणाऱ्याला बसे. अर्धवट भरलेला अर्ज सोडून आलेला निरोप वाचावयास जावे आणि परत यावे, तर पान पुन्हा पहिल्यापासून उघडण्याची वेळ यावी. यंत्र मंद आहे अशी टीका समीक्षकांनी केली. २०१५ च्या डिसेंबरात दूरध्वनींसाठी ही प्रणाली पुढे न नेण्याचा निर्णय तिच्या कर्त्यांनी जाहीर केला.

प्रयोगाचा शेवट मात्र तेथे झाला नाही. त्याच प्रणालीच्या अवशेषांतून कायओएस नावाची प्रणाली निघाली आणि २०१७ साली जिओफोनमध्ये बसली. येथे मेमरी ५१२ मेगाबाइट होती आणि दूरध्वनी १,५०० रुपयांच्या अनामत रकमेवर मिळे. ज्यांनी आयुष्यात संगणकाला हात लावला नव्हता, अशा कोट्यवधी भारतीयांच्या हाती पहिले इंटरनेट आले ते या अल्पसंख्य प्रणालीच्या ब्राउझरमधून. भांडवल, स्वस्त जाळे आणि लोकांच्या गरजेची सेवा एकत्र आल्यास लहान स्मृतीचे यंत्रही चालते, हे यावरून सिद्ध झाले. अर्थात जड पाने त्यावर अडखळतच.

मराठी माणसाच्या दृष्टीने याला आणखी एक बाजू आहे. १९९१ साली मान्य झालेल्या इस्की या भारतीय मानकानुसार देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला एक बाइट पुरे. आज जगभर रूढ असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत त्याच चिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला मात्र एकच. ‘बेंगळुरू’ हा शब्द जुन्या हिशेबाने आठ बाइटांत बसे, नव्या हिशेबाने त्याला चोवीस लागतात. यावरून कोणी युनिकोडला दोष देऊ लागेल तर ते अन्यायाचे होईल. त्याच्यामुळेच मराठी मजकूर जगातील कोणत्याही यंत्रावर न बिघडता वाचता येतो, आणि पानाचे खरे वजन अक्षरांत नसून चित्रांत, जाहिरातींत आणि जावास्क्रिप्टच्या भाराभर ओळींत असते. परंतु यंत्रविद्येचे हिशेब कोणाच्या अक्षराला एकक मानून मांडले गेले, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

आता या सर्व इतिहासाचे आजच्या व्यवहाराशी नाते काय? ते साध्या गोष्टीत आहे. कर्नाटकाने भूमी प्रकल्पात ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे दोन कोटी जमीन-नोंदी संगणकावर आणल्या. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. शिष्यवृत्ती, पीकविमा, परीक्षेचा अर्ज, रुग्णालयाची वेळ ही सगळी कामे आज ब्राउझरमधून होतात. पूर्वी तलाठ्याचे दप्तर बंद असले तर माणूस दुसऱ्या दिवशी येई. आज पान उघडत नाही तेव्हा कोणाकडे जावे, हे त्याला कळत नाही. ते पान ज्याने रचले, त्याच्या टेबलावरील यंत्रात सोळा किंवा बत्तीस गिगाबाइट मेमरी असते. त्याच्याकडे सर्व काही सुरळीत चालते, म्हणून तक्रारच पोहोचत नाही. क्रॉसबार केंद्राच्या परदेशी आखणीकारांनाही आपल्या बाजारपेठेतील दुकानाचा दूरध्वनी दिसला नव्हता. तेव्हा अंतर समुद्रापलीकडचे होते. आज ते व्हाइटफील्डची कचेरी आणि तिच्या दाराशी उभा असलेला रखवालदार यांच्यातील असू शकते.

मेमरी दिवसेंदिवस स्वस्त होत जाणार, मग चिंता कशाला, असा युक्तिवाद पुष्कळ वर्षे करण्यात आला. परंतु २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांनी मेमरीची मागणी इतकी वाढविली, की जगभर तिचे भाव एकाएकी चढले. स्वस्ताई कायमची असते असे गृहीत धरून केलेली आखणी अशा वेळी गरिबाला प्रथम भोवते. यावर उपाय नाहीत असे नाही, आणि ते फार खर्चाचेही नाहीत. सार्वजनिक सेवेचे प्रत्येक पान लोकांपुढे ठेवण्यापूर्वी सर्वांत स्वस्त दूरध्वनीवर आणि सर्वांत जुन्या संगणकावर उघडून पाहावे. शोभेच्या गोष्टी वगळूनही काम पुरे होईल अशी त्याची रचना असावी. अर्ज अर्धवट राहिला तर भरलेला भाग जपला जावा. निकोला पेलोने पहिल्याच वर्षी जे जाणले, ते नियमाच्या रूपाने लिहून ठेवावे, इतकेच करावयाचे आहे.

दूरवाणीनगरच्या कारखान्याला मोबाइलच्या युगात ओहोटी लागली. रजिस्टरांचा तो खडखडाट देशातील दूरध्वनी-केंद्रांतून केव्हाच थांबला आहे. जुन्या मद्रास रस्त्यावरून रोज जाणाऱ्या तरुण प्रोग्रॅमरांपैकी फारच थोड्यांनी ते यंत्र पाहिले असेल. त्यांच्या हातून आज जी पाने लिहिली जातात, ती कोल्हापूरच्या एखाद्या खेड्यात, बेळगावच्या बाजारात, मराठवाड्यातील एखाद्या शाळेत लहानशा यंत्रावर उघडावी लागणार आहेत. घेतलेली जागा वेळेवर मोकळी करणारे ते जुने रजिस्टर त्यांच्यापैकी काहींना जरी ठाऊक झाले, तरी या पानांची वाट पाहणाऱ्या पुष्कळांचे काम सोपे होईल.